पाटीची मागची बाजू

दिराचं नाव मी स्वतः पितळेवर कोरलं होतं, आणि कोरताना चक्क गुणगुणत होते. ते आठवलं की आजही डोकं फिरतं.

पाट्या, शिल्ड आणि दारावरच्या नावांचं आमचं दुकान सासऱ्यांच्या वेळचं. सासरे गेले, मागोमाग नवरा गेला, आणि कोरायचं यंत्र माझ्या हातात आलं. गिऱ्हाइकं मला पाटीवाल्या बाई म्हणतात. सासूबाई गल्ल्यावर बसतात आणि येईल त्याची उलटतपासणी घेतात. दीर मात्र दुकानात कधी रमला नाही. तो शिकला आणि लिफ्ट बसवणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत चिकटला. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे. कंपनीच्या पाट्यांचं काम आमच्याकडे आधीपासूनच होतं, पण आमचं नातं दिराने ऑफिसात कुणालाच सांगितलं नाही. घरच्यांची सोय लावली असं कोणी म्हणायला नको, एवढंच त्याच्या मनात. इतका सरळ माणूस अशा ठिकाणी नोकरीला कशाला जातो, देव जाणे.

त्याला बढती मिळाली आणि 'जबाबदार अधिकारी' असा हुद्दा मिळाला. प्रत्येक लिफ्टमध्ये एका जबाबदार माणसाचं नाव लावलंच पाहिजे, असा नियम आहे. सासूबाईंनी ही बातमी गल्लीभर केली. "आमचा धाकटा आता जबाबदार झाला," असं त्या ज्याला त्याला सांगत. शेजारीण म्हणाली, "म्हणजे इतके दिवस नव्हता?" त्यावर दोघींचं बोलणं महिनाभर बंद होतं. पण स्थळं यायला लागली, हे खरं.

पाट्यांचं काम घेऊन आला तो कंपनीच्या खरेदी विभागातला माणूस. सासूबाईंनी त्याला उलटेराव असं नाव ठेवलं आहे. पितळेची पाटी जाड असली की तिची मागची बाजू कोरी असते. उलटेराव नवी पाटी कधीच घ्यायचा नाही. जुनी पिशवीत घालून आणायचा आणि म्हणायचा, "बाई, उलटवा आणि मागे कोरा." काटकसर हाच त्या कंपनीचा धर्म. वरपासून खालपर्यंत सगळे तिचेच गोडवे गायचे. त्या वेळीही त्याने जुन्याच पाट्या आणल्या होत्या, आणि त्यांच्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

"हे साहेब कुठे गेले?" मी विचारलं.

"बदली झाली," उलटेराव म्हणाला.

मी पाट्या उलटवल्या आणि दिराचं नाव कोरलं, अक्षरांत काळा रंग भरला, कापडाने पुसून चकाचक केलं. आधीच्या साहेबांची बदली झालीच नव्हती, हे मला फार नंतर कळलं. ते घरी बसून कोर्टाच्या तारखा मोजत होते.

मग एका दुपारी एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दार उघडलं. एक निवृत्त मास्तर बाहेर पाऊल टाकत होते, मागे भाजीची पिशवी घेऊन त्यांची सून उभी होती. ब्रेकने लिफ्ट धरून ठेवायला हवी होती, ती धरलीच नाही. दार उघडं असताना लिफ्ट सरकली. मास्तर जागच्या जागी गेले. त्यांना आत ओढायला गेलेल्या सुनेचे दोन्ही पाय चिरडले.

पोलीस आले आणि त्यांनी लिफ्टमधली पाटी वाचली. पाटी त्यासाठीच असते, हा उजेड आमच्या डोक्यात तेव्हा पडला. आम्ही तिला मान समजत होतो. कंपनीने त्याच संध्याकाळी पत्रक काढलं. कंपनीला अतीव दुःख झालं होतं, आणि देखभालीत काय बदलायचं, कधी बदलायचं, हे जबाबदार अधिकारी ठरवतात, वरच्यांना त्यातलं काही माहीत नसतं, असं त्यात होतं.

दीर चार दिवस नीट जेवला नाही. पाचव्या दिवशी बोलला.

"वहिनी, ब्रेकचे पॅड झिजलेत म्हणून मी कितीदा वर गेलो. पूर्वी ते वर्षाला बदलायचे, यांनी दोन वर्षांवर नेलं. मी म्हटलं, जुन्या इमारतींत तरी नको. तर म्हणाले, वरून ठरलंय, तुम्ही खोलात जाऊ नका."

"मग लिहून का नाही घेतलंत भाऊजी?"

"तिथे लिहून कोण देतं? मोठे साहेब नुसती मान हलवतात. काय ते बाकीच्यांनी समजून घ्यायचं."

मोठे साहेब म्हणजे व्यवस्थापकीय संचालक. इतक्या इमारतींच्या लिफ्ट ज्यांच्या मान हलवण्यावर चालतात ते गृहस्थ.

महिन्याभराने कंपनीचे वकील आमच्या घरी आले. चपला न काढता पुढच्या खोलीत बसले आणि चहाचा कप नुसता हातात धरून राहिले. बोलणं मात्र मधाळ. दिराने चौकशीत निष्काळजीपणा कबूल करावा, दंड सगळा कंपनी भरेल, शिक्षा झालीच तर किरकोळ होईल, आणि पगार घरी येत राहील.

"पगार येईल," सासूबाई म्हणाल्या. "पोरगा कधी येईल?"

वकिलांनी कप खाली ठेवला. "आजी, तसं काही होणार नाही. फक्त औपचारिकता आहे. मोठ्या साहेबांचा यात काहीच संबंध नाही हो. ते धोरण ठरवतात. ब्रेकचे पॅड कधी बदलायचे, हे त्यांच्यापर्यंत जातच नाही."

मला राहवलं नाही. "नफा झाला की पेपरात फोटो कुणाचा येतो? पॅडचा?"

"वहिनी, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"मी तुमची वहिनी नाही," मी म्हटलं. "आणि दंड कंपनी भरणार म्हणजे कोण भरणार? पुढच्या वर्षी देखभालीचे दर वाढवणार, म्हणजे त्या मास्तरांची सून स्वतःच्या पायांचा दंड स्वतःच भरणार."

वकील उठले. दाराशी दिराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विचार करा. सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे." जणू काही ते एखादं स्थळ सुचवून गेले.

माझा राग वकिलावर होता, कंपनीवर होता, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त दिरावर होता, कारण तो सही करायला निघाला होता.

"मी दमलोय," तो म्हणाला. "त्या बाईंना भेटायला दवाखान्यात गेलो होतो. त्यांनी माझं नाव ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी तरी काय करायचं? त्यांनी पाटी वाचलेली आहे. आता सही केली काय नि नाही केली काय, त्यांच्या लेखी करणारा मीच."

मी दुकानात जाऊन कुणाच्या तरी बंगल्याचं नाव कोरत बसले आणि त्यातलं एक अक्षर बिघडवलं.

सुनावणीच्या तीन दिवस आधी, शुक्रवारी, उलटेराव आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, चेहरा फुललेला.

"बाई, अर्जंट काम आहे. सोमवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे आमचा."

त्याने कागद सोडला. आत एक शिल्ड होतं, सागवानी लाकडाचं, वर पितळेची पाटी चार स्क्रूंनी बसवलेली. माझंच काम. वर्षाला शेकडो शिल्डं माझ्या हाताखालून जातात. मजकूर डोळ्यांतून हातात उतरतो, डोक्यात थांबत नाही. हे शिल्ड मी मागच्या वर्षी केलं होतं आणि कधीच विसरले होते.

"पाटी उलटवा आणि मागे हे कोरा," म्हणत उलटेरावाने चिठ्ठी पुढे केली. "पुढची बाजू घासू नका. ती लाकडाला लागूनच राहणार, कोण बघतंय? तेवढीच मजुरी वाचेल."

"एवढ्या मोठ्या साहेबांना जुनं शिल्ड?" गल्ल्यावरून सासूबाईंनी विचारलं.

"आजी, हे रिसेप्शनमध्ये काचेच्या कपाटात होतं. वकीलसाहेब म्हणाले, आत्ता तिथे नको, हलवा. मी म्हटलं, हलवायचंच आहे तर वाया का घालवायचं? मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, याला म्हणतात आमच्या कंपनीचा माणूस." बिचाऱ्याचा ऊर भरून आला होता.

तो गेल्यावर मी चिठ्ठी वाचली. 'दुर्दैवी अपघातानंतर पीडित कुटुंबाच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहणाऱ्या संवेदनशील नेतृत्वास सस्नेह.' खाली मोठ्या साहेबांचं नाव. मास्तरांच्या घरी यातलं कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं. मग मी शिल्ड उजेडात धरलं आणि मीच कोरलेली पुढची बाजू पहिल्यांदा नीट वाचली.

"काय लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

मी मोठ्याने वाचलं. "'लिफ्टच्या ब्रेकचे पॅड बदलण्याची मुदत दुप्पट करून देखभाल खर्चात विक्रमी बचत केल्याबद्दल. कल्पना आणि अंमलबजावणी, व्यवस्थापकीय संचालक.'" पुढे मोठ्या साहेबांचं नाव होतं, आणि शेवटी 'संचालक मंडळातर्फे'.

सासूबाईंनी गल्ल्याला कुलूप लावलं.

"म्हणजे धाकट्याने नाही, यानं केलं," त्या म्हणाल्या.

"हो आई. केलं, आणि केलं म्हणून बक्षीसही घेतलं."

बघा तमाशा. पॅड वाचले तेव्हा साहेबांना पॅडमधलं सगळं कळत होतं. कल्पना त्यांची, अंमलबजावणी त्यांची, हार त्यांच्या गळ्यात, टाळ्या त्यांना. माणूस मेला तेव्हा पॅड म्हणजे काय, खातात की पितात, हेही त्यांना माहीत नाही. आणि या लोकांची हाव इतकी की गळ्याशी आलेली पाटीसुद्धा फेकून देववेना. नवी पाटी घ्यावी लागली असती ना!

संध्याकाळी दिराला दाखवलं तर त्याचं तिसरंच. "वहिनी, कंपनीची वस्तू आहे. आपल्याला ठेवून घेता येणार नाही."

"ठेवून कोण घेतंय? मी काय चोर आहे? सोमवारी द्यायचं ठरलंय, सोमवारी देईन. साहेबांच्याच हातात देईन." मग मी जरा सौम्य झाले. "भाऊजी, तोपर्यंत सही करू नका. माझ्यासाठी म्हणून."

त्याने पेन खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

मी मागची बाजू कोरली, चिठ्ठीत होतं तसंच. एक काना-मात्रा इकडची तिकडे केली नाही. जन्मात इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नसेल. पाटी लाकडावर परत बसवली, पण स्क्रू बोटांनी फिरतील एवढेच आवळले.

सुनावणी लिफ्ट निरीक्षण खात्याच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर होती. तिथली लिफ्ट बंद होती. मी खोटं सांगत नाही, दारावर तशी सूचनाच लावली होती. मास्तरांच्या सुनेला खुर्चीवर बसवून तिचा नवरा, भाऊ आणि दोन शिपाई जिन्याने वर आणत होते. प्रत्येक वळणावर ती कठडा घट्ट धरत होती. मोठे साहेब तिच्या मागून, हळूहळू, माणसांच्या घोळक्यासकट चढत होते. पत्रकार येणार म्हणून ते स्वतः आले होते, दुःख व्यक्त करायला. वर पोचल्यावर त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. कॅमेरे वाजले. ती खिडकीकडे बघत राहिली.

खोलीत लांब टेबल, फायलींनी वाकलेलं कपाट, आणि टोकाला चौकशी अधिकारी बाई. त्यांना सर्दी झाली होती आणि वकिलांचं भाषण ऐकताना त्या सारख्या नाक पुसत होत्या. वकिलांनी छान वीस मिनिटं घेतली. कंपनी किती जुनी, साहेब किती दूरदृष्टीचे, आणि पॅडचा निर्णय सर्वस्वी जबाबदार अधिकाऱ्याचा. मग त्यांनी दिरापुढे छापील कबुलीजबाब सरकवला.

"तुम्हाला हे मान्य आहे?" अधिकारी बाईंनी दिराला विचारलं.

दिराने माझ्याकडे बघितलं. मी पिशवी घेऊन उठले.

"तुम्ही कोण?"

"पाटीवाली. साहेबांची वस्तू तयार आहे. आज द्यायचा वायदा होता, ती द्यायला आले."

मोठ्या साहेबांच्या मागे उलटेराव उभा होता. त्याने मला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. "बाई, इथे नाही हो," तो पुटपुटला, "ऑफिसात."

"ऑफिसात तुमचे वकील हलवायला सांगतात," मी म्हटलं, आणि शिल्ड थेट मोठ्या साहेबांच्या हातात दिलं. "तपासून घ्या साहेब. नंतर तक्रार ऐकून घेणार नाही."

त्यांनी सवयीने ते दोन्ही हातांनी घेतलं. शिल्ड हातात आलं की या लोकांचं तोंड आपोआप हसरं होतं. मजकूर वाचला आणि त्यांनी नम्रपणे मान खाली घातली.

"ही एक बाजू झाली," मी म्हटलं. "आता दुसरी." मी स्क्रू बोटांनी फिरवले, पाटी काढली, उलटवली आणि अधिकारी बाईंपुढे ठेवली. "हे मागच्या वर्षीचं. हेही माझंच काम आहे."

अधिकारी बाईंनी नाक पुसायचं थांबवलं. वाचलं. परत वाचलं. मग पाटी उलटवून मागचं वाचलं.

वकील ताडकन उठले. "ही कंपनीची मालमत्ता आहे."

"म्हणून तर परत द्यायला आले," मी म्हटलं.

"शिल्डवरची भाषा गौरवाची असते. ती शब्दशः घ्यायची नसते."

"थांबा," अधिकारी बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मोठ्या साहेबांकडे बघितलं. "मी यांना विचारते. ही कल्पना तुमची होती?"

साहेबांनी घसा साफ केला. "हे सांघिक यश होतं."

"यश सांघिक होतं. मग पाटीवर एकाचंच नाव का?"

"मंडळाने दिलं. मी नको म्हणत होतो."

"कल्पना तुमची नव्हती, तर बक्षीस कशाचं घेतलंत? आणि तुमची होती, तर हा कबुलीजबाब यांच्यापुढे का ठेवलात?"

साहेबांनी मान हलवली. त्यांची नेहमीची मान, जिच्यावर सगळी कंपनी चालायची. पण समजून घेणारं तिथे कोणी नव्हतं. अधिकारी बाई म्हणाल्या, "मान नको. बोला. इथे सगळं लिहून घेतलं जातं."

मग दीर उठला. कबुलीजबाब त्याने घडी घालून वकिलांपुढे ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. वर कितीदा गेला, कोण काय म्हणालं, कुठल्या इमारतींसाठी विनवण्या केल्या. स्वतःचंही झाकलं नाही. पॅड झिजलेले दिसत होते, लिफ्ट बंद ठेवायला हवी होती, नोकरीच्या भीतीने ठेवली नाही, असं म्हणाला. ते म्हणताना तो मास्तरांच्या सुनेकडे बघत होता. तिने या वेळी तोंड फिरवलं नाही. माफ केलं असंही नाही. तिने फक्त ऐकून घेतलं.

साहेब त्या दिवशी तुरुंगात गेले नाहीत. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं? खटला चालू आहे, त्यांनी तीन वकील लावले आहेत, आणि पुढची तारीख पडत राहते. पण आता आरोपी म्हणून त्यांचं नाव आहे, नुसतं कंपनीचं नाही. दंड झाला तर तो स्वतःच्या खिशातून भरायचा, कंपनीकडून घ्यायचा नाही, असं बाईंनी आदेशात घातलं. आणि खटला संपेपर्यंत प्रत्येक लिफ्टमध्ये जबाबदार म्हणून मोठ्या साहेबांचंच नाव लावायचं, असंही घातलं. दिरावरही खटला आहे. नोकरी गेली, स्थळं आटली. सध्या तो माझ्याबरोबर दुकानात असतो आणि सासूबाई त्याला येता-जाता टोमणे मारतात, म्हणजे त्या खूश आहेत.

पाट्यांचं काम अर्थातच आमच्याकडे आलं. उलटेराव दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या पाट्यांची पिशवी घेऊन आला. खाली बघत म्हणाला, "बाई, उलटवा म्हणू का?"

"नाही," मी म्हटलं. "या पाट्यांना मागची बाजू ठेवायची नाही. नव्या घ्या."

मोठ्या साहेबांचं नाव मी नेहमीपेक्षा खोल कोरलं. यंत्राचं पातं दोनदा बदलावं लागलं.

पहिली पाटी मास्तरांच्या इमारतीत लावायची होती. मी आणि दीर गेलो. त्याने स्वतःच्या नावाची पाटी काढून खिशात घातली आणि नवी बसवायला घेतली. लिफ्टचं दार उघडं होतं. तेवढ्यात मास्तरांची सून चाकांच्या खुर्चीवर बाहेरून आली आणि दाराशी थांबली. दिराच्या हातातला पेचकस तसाच राहिला. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार, आणि आपण ते निमूट ऐकायचं.

तिने मान उंच करून पाटीकडे बघितलं. अक्षरं तिला तिरकी दिसत असावीत.

"थोडी खाली लावा," ती दिराला म्हणाली. "मला बसल्या जागी वाचता आली पाहिजे."

दिराने स्क्रू परत काढले आणि पाटी तिच्या डोळ्यांसमोर येईल एवढी खाली घेतली.